जोडीदार निवडा, गिऱ्हाईक बांधू नका

२०२३ च्या जुलैमध्ये पोको कंपनीनं आपला सी५१ हा फोन एअरटेलबरोबर ५,९९९ रुपयांना बाजारात आणला. अट अशी, की अठरा महिने त्यात एअरटेलचंच सिम चालणार. तेव्हापासून असा एखादा फोन आला किंवा स्वस्त ५जी फोनचा विषय निघाला, की वाद ठरलेल्या वळणानं जातो. एक बाजू म्हणते, गरिबाला चार पैसे कमी मोजावे लागतायत ना, मग तुमच्या पोटात का दुखतं? दुसरी बाजू म्हणते, फोन बनवणारे आणि सिमकंपन्या यांची ही मिलीभगत आहे, असले करारच बंद करा. दोन्ही बाजू तावातावानं भांडतात, आणि दोघीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरतात : नवा फोन एखाद्या सिमकंपनीबरोबर आणायचा म्हणजे तो तिच्या कुलपात घालणं आलंच. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. करार वेगळा, कुलूप वेगळं. कोणत्या सिमकंपनीचा हात धरून बाजारात उतरायचं हे ठरवण्याचा फोन बनवणाऱ्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्या करारातून गिऱ्हाइकाचं भलंही होऊ शकतं. पण विकत घेतलेल्या फोनवर कुलूप असेल, तर सवलतीचे पैसे वसूल झाल्या दिवशी ते आपोआप आणि फुकट उघडलं पाहिजे. हे पटण्यासाठी फोन बनवणारे सिमकंपनी निवडतात कशी, हे आधी नीट पाहायला हवं. ही निवड नेटवर्कच्या गुणवत्तेवर होते असं आपण समजतो. तसं क्वचितच घडलं आहे.

आयफोनचं उदाहरण घेतो, कारण त्या कराराबद्दल बरंच काही उघड झालेलं आहे. त्या काळी अमेरिकेत भरवशाचं नेटवर्क म्हटलं की व्हेरायझनचं नाव पुढे येई. त्यांचं ३जी देशभर पसरत होतं. ॲपलनं त्यांच्याशी बोलणी केली आणि ती फिसकटली. का फिसकटली हे व्हेरायझनच्याच माणसांनी २००७ च्या जानेवारीत वृत्तपत्राला सांगितलं : ॲपलला मासिक बिलात वाटा हवा होता, फोन कुठल्या दुकानात नि कसा विकायचा हे स्वतः ठरवायचं होतं, आणि फोन बिघडला तर दुरुस्त करायचा की बदलून द्यायचा याचा निर्णयही स्वतःकडे ठेवायचा होता. व्हेरायझननं नकार दिला. सिंग्युलर कंपनीनं मात्र मान्यता दिली. करार केला तेव्हा सिंग्युलरनं फोन पाहिलेलासुद्धा नव्हता, हे ९ जानेवारी २००७ च्या समारंभात व्यासपीठावरूनच सांगितलं गेलं. २९ जूनला फोन विक्रीला आला तोवर सिंग्युलरचं नाव बदलून एटी अँड टी झालं होतं. आणि तो चालायचा कशावर? ३जीच्या आधीच्या एज नेटवर्कवर. त्यात ३जी नव्हतंच. म्हणजे त्या दशकातला सर्वांत गाजलेला फोन देशातल्या वेगवान नेटवर्कवर न येता धिम्या नेटवर्कवर आला, आणि हे ॲपलला ठाऊक होतं.

मग सिंग्युलरच का? एक कारण तंत्राचं. मोबाइल चालवायच्या दोन वेगळ्या पद्धती होत्या, आणि एकीचा फोन दुसरीवर चालत नसे : व्हेरायझन आणि स्प्रिंट या कंपन्या सीडीएमए वापरत, सिंग्युलर आणि टी-मोबाइल जीएसएम. युरोपात आणि जगाच्या बहुतेक भागात जीएसएम होतं. एकदा फोन बनवला की तोच ब्रिटनमध्ये ओ२ कडे, जर्मनीत टी-मोबाइलकडे आणि फ्रान्समध्ये ऑरेंजकडे देता येत होता. पण मोठं कारण दुसरं आहे, आणि ते समजायचं तर आयफोनपूर्वीची अमेरिकी दुकानं डोळ्यांपुढे आणायला हवीत. तिथं फोनवर सत्ता चालायची ती सिमकंपनीची. फोनमध्ये काय असावं, पडद्यावर कुणाचं बोधचिन्ह उमटावं, गाणं कुणाकडून विकत घ्यावं, सगळं तीच ठरवायची. मोटोरोलाचा व्ही७१० हा फोन २००४ मध्ये व्हेरायझननं आणला. त्यात ब्लूटूथ होतं. पण ब्लूटूथनं फोटो काढून संगणकात घ्यायची सोय कंपनीनं बंद करून ठेवली होती. फोटो बाहेर काढायचा तर कंपनीच्या सेवेतून, पैसे मोजून. गिऱ्हाइकांनी कोर्टात दावा लावला. ज्या कंपनीच्या दुकानाबाहेर रांग लागते, तिला हे परवडतं. तिला नव्या फोनची गरज नसते, नव्या फोनला तिची असते.

म्हणून फोन बनवणारा शोधतो ती गरजू कंपनी. बाजारात मागं पडलेली, किंवा मागं पडायच्या भीतीनं ग्रासलेली, आणि त्यापायी फोनवरची आपली सत्ता सोडायला तयार असलेली. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला तो अमेरिकेतल्या चौथ्या क्रमांकाच्या टी-मोबाइलबरोबर. २००९ च्या जूनमध्ये पाम कंपनीनं आपला प्री हा फोन आणला तो ग्राहक गमावत चाललेल्या स्प्रिंटबरोबर. आणि आयफोन हातचा गेल्यावर व्हेरायझनलाही गरज निर्माण झाली, तेव्हा २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मोटोरोलाचा ड्रॉइड हा फोन प्रचंड जाहिरात करून बाजारात उतरवला. या सगळ्या जुळवाजुळवीत गिऱ्हाइकाला कुठलं नेटवर्क चांगलं पडेल हा प्रश्न किती वेळा आला असेल? फार तर शेवटी, मान्यता मिळाल्यावर.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, आणि त्यांना टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. पहिला मुद्दा : असा करार नसता, तर आयफोन जसा आला तसा आलाच नसता. हे मला मान्य आहे. आलेले व्हॉइसमेल यादीसारखे पाहून हवा तो आधी ऐकायची सोय आज साधी वाटते, पण त्यासाठी एटी अँड टीला आपल्या यंत्रणेत बदल करावे लागले. एखाद्या कंपनीनं न पाहिलेल्या फोनसाठी एवढं करावं, तर तिला काही काळ तो एकटीनं विकायची हमी लागणारच. दुसरा मुद्दा त्याहून मजबूत आहे. एकाला आयफोन मिळाला म्हणून बाकीचे पेटून उठले. व्हेरायझननं अँड्रॉइडच्या मागं ताकद लावली ती आयफोन हाती नव्हता म्हणूनच, आणि आज तुमच्या-माझ्या घरातला आठ-दहा हजारांचा फोन ज्या अँड्रॉइडवर चालतो, त्याच्या वाढीत त्या ईर्ष्येचा मोठा वाटा आहे. तिसरा मुद्दा आपल्या घरचा. २०१७ मध्ये जिओफोन १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर मिळाला. त्यात फक्त जिओ चालायचं, हे खरं. पण ज्यांनी तोवर कधी इंटरनेट पाहिलं नव्हतं अशा कोट्यवधी लोकांच्या हातात ते पहिल्यांदा आलं. या लोकांना कुणी व्याख्यान देऊ नये की तुम्ही फसलात.

एवढं मान्य करूनही माझं मत बदलत नाही, कारण या तिन्ही मुद्द्यांतून सिद्ध होतं ते करार उपयोगी असतो एवढंच. कुलूप किती काळ असावं, आणि का असावं, याचं उत्तर त्यात नाही. आयफोनला एटी अँड टीबरोबर सुरुवात करायला मिळणं वेगळं, आणि २००७ च्या जूनपासून २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही मोठ्या कंपनीकडे तो न मिळणं वेगळं. पहिल्या सहा महिन्यांत धाडसाचा मोबदला मिळतो. पुढची तीन वर्षं कशाची? त्या वर्षांत न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत एटी अँड टीचं नेटवर्क आयफोनच्या ओझ्याखाली वाकलं, बोलता बोलता फोन तुटत, आणि गिऱ्हाइकाला कुठं जायची सोय नव्हती. फोन सोडा किंवा सहन करा. व्हरमाँट किंवा मोंटानासारख्या राज्यांत, जिथं एटी अँड टीची रेंजच धड नव्हती, तिथल्या माणसानं काय करायचं? गावातल्या छोट्या कंपन्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे हीच तक्रार नेली, आणि २००९ च्या जूनमध्ये चार सिनेटरांनी आयोगाला पत्र लिहिलं.

त्यानंतर जे घडलं ते या वादात कुणी सांगत नाही, आणि मला ते सर्वांत बोलकं वाटतं. जुलै २००९ मध्ये व्हेरायझननंच कळवलं, की पाच लाखांपर्यंत ग्राहक असलेल्या छोट्या कंपन्यांपुरते आम्ही कुठल्याही फोन बनवणाऱ्याबरोबरचे असे नवे करार सहा महिन्यांच्या वर ठेवणार नाही. विचार करा. जी कंपनी फोनच्या एकेका बटणावर सत्ता गाजवायची, तिनंच लिहून दिलं की सहा महिने पुरतात. मग त्याहून लांबचा एकाधिकार राखायची काळजी कायदा करणाऱ्यानं का करावी?

एकाधिकार गेला तर गुंतवणूक बुडेल, ही भीती फ्रान्समध्येही घातली गेली होती. तिथं आयफोन फक्त ऑरेंजकडे होता. बुईग टेलिकॉमनं तक्रार केली आणि १७ डिसेंबर २००८ रोजी स्पर्धा परिषदेनं तो एकाधिकार स्थगित केला. अपिलात निर्णय टिकला. २००९ च्या वसंतात इतर दोन कंपन्याही आयफोन विकू लागल्या. ॲपल फ्रान्समधून निघून गेली नाही, ऑरेंज बुडाली नाही. अमेरिकेतही तेच झालं : एकाधिकार संपल्यानंतर, २०११ च्या शेवटच्या तिमाहीत एटी अँड टीनं ७६ लाख आयफोन चालू केले. एका तिमाहीतले एवढे आयफोन त्यांनी आधी कधीच चालू केले नव्हते. गिऱ्हाईक राहायचं असेल तर राहतंच. त्यासाठी दाराला बाहेरून कडी लावावी लागत नाही.

जर्मनीतला प्रसंग तर कुलपाची किंमतच सांगून गेला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये व्होडाफोननं हॅम्बुर्गच्या न्यायालयातून तात्पुरता आदेश मिळवला, तेव्हा टी-मोबाइलला कुलपाशिवायचा आयफोन विकणं भाग पडलं. दोन वर्षांच्या करारासह जो फोन ३९९ युरोला होता, तोच त्यांनी ९९९ युरोला ठेवला. आदेश उठेपर्यंत काही दिवस दोन्ही किमती शेजारी शेजारी होत्या. फोन एकच, कारखाना एकच. सहाशे युरोचा फरक कशाचा होता? दोन वर्षं दुसरीकडे न जाण्याच्या हमीचा.

इथं सवलतीचा हिशेब मांडायला हवा, कारण ‘स्वस्त पडतो’ हा शब्द या वादात सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. २००८ च्या जुलैमध्ये आयफोन ३जी अमेरिकेत १९९ डॉलरला आला. आधीचा ३९९ ला होता. दोनशे डॉलर वाचले म्हणून लोक रांगेत उभे राहिले. पण आधीच्या फोनचा सर्वांत स्वस्त महिना ६० डॉलरला पडत होता आणि त्यात दोनशे एसएमएस होते. नव्याचा ७० ला, एसएमएसचे वेगळे. दोन वर्षांत बिलातूनच २४० डॉलर जास्त गेले. फोनवर दोनशे वाचले, बिलात दोनशे चाळीस गेले. आणि मध्येच सोडून जायचं तर दंड. २०१० मध्ये एटी अँड टीनं हा दंड १७५ वरून ३२५ डॉलरवर नेला. दुकानाच्या काचेवर मात्र आकडा होता १९९.

त्याच फोनची आपल्याकडची गोष्ट आठवत असेल. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोननं तो भारतात आणला, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. तिकडे १९९ डॉलर म्हणजे साडेआठ हजाराच्या आसपास, इकडे एकतीस हजार, म्हणून लोकांनी आरडाओरडा केला. इतका महाग फोन ‘३जी’ म्हणून घेतला, पण तेव्हा देशात खासगी कंपन्यांचं ३जी सुरूच झालेलं नव्हतं; त्याचा लिलाव झाला २०१० मध्ये. त्याआधीच्या वर्षभरात हाजी अलीच्या हिरा पन्ना बाजारात अमेरिकेहून आलेले, कुलूप तोडलेले आयफोन मिळतच होते. पहिलं कुलूप तोडलं होतं न्यू जर्सीतल्या सतरा वर्षांच्या मुलानं, फोन बाजारात आल्यावर दोनेक महिन्यांत. तेव्हा ३१,००० ची चेष्टा झाली, पण माझ्या मते तो आकडा १९९ पेक्षा प्रामाणिक होता. फोनची किंमत काय आणि सेवेची काय, हे गिऱ्हाइकाला दिसत होतं.

आपल्याकडे कुलपाचा अनुभव त्याहून जुना आहे. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमनं मान्सून हंगामा ही योजना आणली. ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घरी न्या. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत लोकांच्या हातात मोबाइल आला, आणि नुकतेपर्यंत इनकमिंगलाही पैसे मोजणाऱ्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. पण त्या हँडसेटची मागची झाकणी काढून बॅटरी उचलली, की खाली सिम घालायची जागाच नसे. नंबर फोनच्या पोटातच भरलेला असायचा. नंबर फोनपासून वेगळा काढता येत नव्हता, आणि फोन कंपनीपासून. पुढे जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय आली, तेव्हा अशा लाखो लोकांना कळलं की नंबर नेता येईल, फोन नेता येणार नाही. तो फोन भंगारात. कायद्यानं दिलेलं स्वातंत्र्य हँडसेटनं काढून घेतलं.

उसाची झोनबंदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. कारखाना उभारायला पैसा लागतो, तो उभारला तर ठरलेल्या गावांचा ऊस हमखास आलाच पाहिजे, म्हणून शेतकऱ्यानं झोनमधल्याच कारखान्याला ऊस घालावा, भाव पटो न पटो. शेतकरी संघटनेनं यावर विचारलेला प्रश्न साधा होता : कारखान्याची जोखीम माझ्या शेतावर का? नव्वदच्या दशकात बंदी उठली. ज्या कारखान्यांनी भाव आणि वजन नीट दिलं, त्यांच्याकडे ऊस येतच राहिला. अमेरिकेतही असाच खटला होऊन गेला आहे. तिथं घरचा टेलिफोन बेल कंपनीचाच लागायचा, भाड्यानं; दुसऱ्याचं यंत्र जोडलं तर जाळ्याला धोका पोचेल असं कंपनी सांगायची. टेक्सासच्या टॉम कार्टरनं बिनतारी रेडिओ टेलिफोनला जोडून देणारं उपकरण विकायला घेतलं आणि कंपनीशी झुंजला. १९६८ मध्ये दूरसंचार आयोगानं त्याच्या बाजूनं निर्णय दिला. जाळं कोसळलं नाही. उलट त्या निर्णयामुळे उत्तर देणारी यंत्रं, फॅक्स आणि मोडेम घराघरांत शिरले. इंटरनेट पहिल्यांदा लोकांच्या घरी आलं ते याच मोडेमवरून.

एक मुद्दा फोन बनवणाऱ्यांच्या बाजूनंही सांगायला हवा, कारण एकाधिकारात त्यांचा फायदाच असतो असा समज आहे. आयफोन जिंकला, म्हणून ती वाट बरोबर वाटते. बाकीच्यांची यादी कुणी काढत नाही. पाम प्री चांगला फोन होता; स्प्रिंटकडे अडकला, आणि २०१० च्या जानेवारीत व्हेरायझनकडे आला तोवर तिथं ड्रॉइड ठाण मांडून बसला होता. त्याच एप्रिलमध्ये एचपीनं पाम विकत घ्यायचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टचा किन व्हेरायझनकडे २०१० च्या मे महिन्यात आला आणि जूनअखेर गुंडाळला. फेसबुकसाठी एचटीसीनं केलेला फर्स्ट २०१३ मध्ये एटी अँड टीकडे ९९ डॉलरला आला आणि महिनाभरात ९९ सेंटवर उतरला. ॲमेझॉनचा फायर फोन २०१४ मध्ये पुन्हा एटी अँड टीकडेच आला, त्याचंही तेच झालं, आणि ॲमेझॉनला १७ कोटी डॉलरचा फटका खात्यात दाखवावा लागला. या प्रत्येकाच्या अपयशाची इतरही कारणं होती. पण ज्या फोनला आधीच पाय रोवायला जागा नाही, त्यानं तीनचतुर्थांश दुकानांची दारं स्वतःहून बंद करून घ्यावीत? सॅमसंगनं हे ओळखलं. २०१० मध्ये त्यांचा गॅलेक्सी एस अमेरिकेत चार कंपन्यांकडे चार नावांनी, चार वेगळ्या रूपांत विकला गेला, कारण प्रत्येकीला ‘आपला’ फोन हवा होता. २०१२ मध्ये गॅलेक्सी एस३ सगळीकडे एकाच नावानं, एकाच रूपात आला. अमेरिकेत सॅमसंगचं नाव आणखी मोठं झालं ते त्यानंतर.

आता आजचा, आपल्या दुकानातला प्रश्न. करार न करता, कुलूप न लावताही फोन एका कंपनीला बांधला जाऊ शकतो, आणि आपल्या वादात याचा उल्लेखही नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झालं तेव्हा जिओनं स्वतंत्र ५जीचं जाळं उभारलं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलनं ४जीच्या आधारावर चालणारी एनएसए पद्धत घेतली. सुरुवातीला लोकांनी हजारो रुपये मोजून घेतलेल्या ५जी फोनवरही ५जी दिसत नव्हतं, कारण फोन बनवणाऱ्यानं त्या त्या नेटवर्कसाठी ते सॉफ्टवेअरमधून चालू केलेलं नव्हतं. आयफोनवाल्यांना डिसेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. ते निदान अपडेटनं सुटलं. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ८,४९९ रुपयांना आलेला रेडमी ए४ ५जी घ्या. तो फक्त एसए ५जी पकडतो. म्हणजे जिओचं सिम घातलं तर ५जी, आणि एअरटेलच्या एनएसएवर ४जीच. कुणी कुलूप लावलेलं नाही, कुणी अठरा महिन्यांची अट घातलेली नाही. स्वस्त चिप निवडताना कंपनी आपोआप निवडली गेली. खोक्यावर मात्र ‘५जी’ ठळक. आपल्या गावात एअरटेलचाच टॉवर आहे म्हणून एअरटेल वापरणारा माणूस हा फोन घेऊन घरी गेला, तर त्याला हे कुणी सांगायचं होतं? दुकानदारानं? त्यालाही अनेकदा माहीत नसतं.

आणि हा माणूस कोण आहे, हे विसरून चालणार नाही. पाच-आठ हजारांचा फोन घेणारा माणूस सिम सर्वांत जास्त बदलतो. बीडहून ऊसतोडीला निघालेलं जोडपं दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडे येतं आणि सहा महिने फडातल्या कोपीत राहतं. गावाकडे ज्या कंपनीची रेंज आहे तिची फडावर असेलच असं नाही. कोकणात घाटाच्या एका वळणावर बीएसएनएल लागतं आणि पुढच्या वाडीत जिओ. म्हणून तर लोक दोन सिमांचे फोन घेतात, एकात बोलण्याचं पॅक आणि दुसरं स्वस्तात जिवंत ठेवलेलं. मुकादमाचा फोन, मुलाच्या वसतिगृहातून येणारा फोन, बँकेचा ओटीपी, सगळं या हिशेबावर चालतं. अशा माणसाचा फोन अठरा महिने एका सिमला बांधला, तर त्यानं वाचवलेले हजारभर रुपये त्याला किती महागात पडतील, याचा हिशेब खोक्यावर कुठंच नसतो. शहरातला आयफोनवाला कुलपाशिवायचा फोन घेऊन मोकळा असतो. आपल्याकडे आज कुलूप लागतं ते खालच्या किमतीलाच.

यावर उत्तर मिळतं, की कुलूप नसेल तर सवलत कोण देणार? लोक स्वस्त फोन घेतील आणि दुसऱ्या दिवशी सिम बदलतील. ही अडचण खरी आहे, पण ती उधारी वसूल करण्याची अडचण आहे, आणि त्यासाठी हप्ते, अनामत, ठरावीक महिन्यांचं रिचार्ज केलं की पैसे परत, असे मार्ग आहेत. जिओफोनला कुलूप होतं, पण त्याची १,५०० रुपयांची अनामत हा असाच मार्ग होता. कॅनडानं १ डिसेंबर २०१७ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी केली. जपाननं ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटननं त्याच डिसेंबरपासून. या तिन्ही देशांत मोबाइल कंपन्या आजही हप्त्यांवर फोन विकतात. आपल्याकडे लगेच सरसकट बंदी आणावी असंही माझं म्हणणं नाही, कारण आपल्याकडे प्रीपेडचं प्रमाण प्रचंड आहे आणि हप्ते वसूल करणं अवघड आहे. पण ट्राय या दूरसंचार नियामकानं आणि दूरसंचार विभागानं एवढं तरी करावं : कुलूप असलेल्या फोनच्या खोक्यावर पुढच्या बाजूला, किमतीएवढ्याच अक्षरांत, कुलूप कुणाचं आणि कुठल्या तारखेपर्यंत ते छापलं जावं; सवलत किती हजारांची आहे ते सांगितलं जावं, आणि तेवढ्या रकमेचं रिचार्ज झालं की कुलूप अर्ज न करता उघडावं; आणि ‘५जी’ असं छापणाऱ्यानं ते देशातल्या कुठल्या कंपनीवर चालेल आणि कुठल्यावर नाही हे त्याच ओळीत लिहावं. फोन बनवणाऱ्यांनी जोडीदार खुशाल निवडावा, त्याच्या जाहिराती कराव्यात, सहा महिने त्याच्याच दुकानात फोन ठेवावा. ही सगळी त्यांच्या धंद्याची बाब आहे. सहा महिन्यांनंतर आणि सवलत फिटल्यानंतर मात्र सिम कुठलं घालायचं हे ज्यानं पैसे मोजले त्यानंच ठरवावं, आणि ते ठरवायला त्याला कुठल्या सेवा केंद्रात रांग लावावी लागू नये.